दुसऱ्यांदा काढलेले केस

२१ जुलै, सोमवार
हॉस्टेलला परत आलो. दादानं गाडीवर देवळीपर्यंत सोडलं, पुढे बस. खोली तशीच होती. खिडकीत चहाचा कप, तळाशी चहा वाळलेला. दादाचा फोन आला तेव्हा तो पीत होतो. कप धुतला.

प्रज्वल आला. बाबांच्या तेरवीला तो नाचणगावला आला होता, पण तेव्हा बोलणं झालं नाही. पलंगाच्या कडेला बसला. "जेवला का?" दोनदा विचारलं. मग म्हणाला, "अध्यक्षपदासाठी दुसऱ्या कोणाचं नाव देऊ का? अजून काही बिघडलं नाई. मी काही म्हणत नाई."

जूनमध्ये आमच्या गटानं माझं नाव ठरवलं होतं. कितीतरी वर्षांनी विद्यापीठात थेट निवडणूक होते आहे. त्या वेळी मी हो म्हटलं होतं.

म्हटलं, नाव राहू दे. घरी बसून तरी काय करणार.

२२ जुलै
मेसमध्ये गेलो तर सगळे गप्प. एरवी कोणी साधी कटिंग करून आला तरी टपली पडते. माझ्या कोऱ्या डोक्याला कोणी हात लावला नाही. वाढणाऱ्या मावशींनी न मागता दोनदा वरण घातलं.

प्रॅक्टिकल सव्वासहापर्यंत चाललं. टायट्रेशन दोनदा चुकलं. सरांनी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

२६ जुलै
प्र. म्हणतो, तुझा मुद्दा एका वाक्यात लिहून दे, पोस्टर हातानंच लिहायचे आहेत.

मुद्दा एकच. पुलगावची शेवटची बस विद्यापीठाच्या गेटवरून साडेपाचला जाते. प्रॅक्टिकल त्यानंतर सुटतं. पुलगाव, देवळीकडच्या मुली प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळतात. रेल्वे आहे म्हणतात सगळे. इथून स्टेशन गाठेपर्यंत पॅसेंजर गेलेली असते. बस तासभर पुढे न्या एवढंच. मागच्या वर्षी डेपोत गेलो तर साहेब म्हणाले, तुमच्या विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाला पाठवा, एकेकाचं कुठवर ऐकू. अध्यक्षच नव्हता.

पहिल्या वर्षी मी घरून ये-जा करत होतो. बस चुकली की काळीपिवळीनं देवळीपर्यंत यायचो. तिथं फाट्यावर, पानठेल्याच्या बाजूला बाबा गाडी घेऊन उभे असायचे, हातात बॅटरी. बाबा लाईनमन, दिवसभर खांबांवर. तरी यायचे. मी दिसलो की बॅटरी एकदा लावून विझवायचे. बोलणं काही नाही. दिवाळीनंतर म्हणाले, हॉस्टेल घेऊन घे.

हे पोस्टरवर लिहिण्यासारखं नाही. "पुलगाव बस साडेसहाला" एवढं लिहून दिलं.

३० जुलै
आजपासून खोल्या फिरायला सुरुवात. ए विंग. दार वाजवायचं, नाव सांगायचं, हात जोडायचे, बसचं बोलायचं.

मी आत गेलो की मोबाईलवरचं गाणं बंद होतं. पोट्टे उठून उभे राहतात. एकानं खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली आणि स्वतः दाराशी उभा राहिला. सगळं ऐकून घेतात. बाहेर आल्यावर प्र. म्हणाला, "हे इतके शहाणे कधीपासून झाले बे?"

दोघांनाही कारण माहीत होतं.

निवडणुकीचं बाबांना मी सांगितलं नव्हतं. त्यांना बाहेरून कळलं. जूनच्या शेवटी घरी गेलो तेव्हा गाडी पुसता पुसता म्हणाले, "हात जोडशील साऱ्याइले?" मी म्हटलं, जोडावे लागतात. त्यांनी फडकं झटकलं. पुढे काही नाही. तेवढंच बोलणं त्यावर.

३ ऑगस्ट
आईचा फोन. ऑफिसचे लोक आले होते. बाबांचा बेल्ट आणि रबरी हातमोजे परत मागितले. दादानं दिले. त्यांची पक्कड आईनं दिली नाही. म्हणाली, सापडत नाही.

बाबांच्या मोबाईलवर अजून फोन येतात. लाईन गेली की गावातले, आजूबाजूच्या वस्तीतले थेट त्यांनाच लावायचे. आई उचलते. "सबस्टेशनले करा जी," म्हणते आणि नंबर सांगते. गेले असं सांगत नाही. दादा म्हणाला, फोन बंद करून टाकू. ती म्हणाली, लोकाइची गैरसोय होते.

७ ऑगस्ट
विधी विभागाची मृणाल उभी राहते आहे हे नक्की झालं. आर्वीची आहे. तिचे मुद्दे, ग्रंथालय रात्री उघडं, मुलींच्या हॉस्टेलचं गेट उशिरा बंद. बोलते चांगलं. कॅन्टीनपुढं तिचं बोलणं थोडा वेळ उभं राहून ऐकलं. मुद्दे बरोबर आहेत. प्र.ला म्हटलं तर चिडला. "तू तिच्याकडून उभा आहे का आपल्याकडून?"

१० ऑगस्ट
केस आता बोटाला लागतात. मेसमध्ये मागून कोणीतरी टपली मारली. "भाऊ, पऱ्हाटी उगवली, कापूस कधी येते?" सगळे हसले, मीही हसलो. जेवण गेलं नीट. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी सी विंग. पोट्टे मोबाईल बघतच हो हो म्हणत होते. एकानं विचारलं, बस साडेसहाला झाली तर मला नागपूरला जायला काय फायदा? दुसरा म्हणाला मृणालताई आल्या होत्या, त्यांना शब्द दिला आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. नंतर प्र. आणि मी मैदानाच्या पायऱ्यांवर. हातात जिलबीचा कागद.

"एक बोलू का? राग नको मानू."
"बोल."
"हे असंच ठेवता येत नाई का? मतदानापर्यंत." स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला त्यानं. "म्हणजे काही लोक दाढी ठेवतात न, तसं. मागच्या महिन्यात लोक तुह्यं ऐकत होते. आता ऐकून नाई राह्यले. बस तर खरीच पाहिजे आहे न आपल्याले? खोटं काय आहे त्यात?"

मी जिलबीचा तुकडा मोडला. तो म्हणाला, जाऊ दे, सुचलं ते बोललो. जिलबी संपवली आणि कागदाची गोळी करत बसला.

प्र. बोरगावचा, बौद्ध घरातला. त्यांच्यात मयतीला केस काढत नाहीत. त्याचे आजोबा वारले तेव्हा मी गेलो होतो. भन्तेजी आले, वंदना झाली, आजोबांच्या नावानं शाळेला पुस्तकं दिली. काढलेल्या केसांचा आमच्यात काय अर्थ होतो हे त्याला ठाऊक नसणार.

मला ठाऊक आहे.

१७ ऑगस्ट, रविवार
गेटसमोरच्या सलूनमध्ये गेलो. प्र.ला न सांगता.

"पूर्ण काढा."
कारागिरानं आरशातून पाहिलं. "कोण गेलं भाऊ?"
"बाबा."
"अरेरे. कधी?"
"मागच्या महिन्यात."
तो थांबला. मग वस्तरा घेतला, पाणी मारलं. "शेंडी ठेवायची?"
"ठेवा."

नंतर एक शब्द बोलला नाही. एरवी त्या दुकानात रेडिओपेक्षा त्याचाच आवाज जास्त.

नदीवर दहाव्याला आमच्या गावच्या लक्ष्मणकाकांनी काढले होते. आधी दादाचे, मग माझे. काकांच्या हातून कानामागे थोडं कापलं. बाबांची दाढी तेच करायचे. आज काही कापलं नाही. गुळगुळीत.

का केलं ते लिहिता येत नाही. कंटाळा आला होता समजावून सांगायचा. दारं वाजवायची आणि परत पहिल्यापासून. डोकं पाहून लोक आपोआप ऐकायचे, मला कमी बोलावं लागायचं. एवढंच असेल.

१८ ऑगस्ट
सी विंग पुन्हा. उभे राहिले. गाणं बंद. नागपूरवाला म्हणाला, "भाऊ, विचार करतो."

प्र. माझ्या डोक्याकडे पाहून फक्त "बरं केलं" म्हणाला. आवाज बारीक होता.

२० ऑगस्ट
मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवर सभा. पुलगावची एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "दादा, एवढ्या दुःखात तुम्ही आमच्या बससाठी फिरता." टाळ्या झाल्या. मला कुठे बघावं कळेना. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, पिन लावलेली. तेवढंच आठवतं.

२२ ऑगस्ट, पोळा
घरी. पहिलं वर्ष, त्यामुळे घरात सण नाही. गावात बैलांच्या घंटा, आमच्याकडे साधं वरण-भात.

टोपी घालून गेलो होतो. ओसरीत सवयीनं काढली आणि खुंटीला लावली. आई आतून ताट घेऊन येत होती. दारातच थांबली.

"कोण गेलं?"

मला आधी कळलंच नाही. ती ताट धरून तशीच उभी. "कोण गेलं रे गजू? हिंगणघाटवरून फोन आलता का? मामा?"

मामा महिनाभर आजारी आहेत. मामासाठी भाचा केस काढत नाही हे तिला माहीत आहे. पण त्या क्षणी तिला नुसतं डोकं दिसलं. आमच्याकडे कोऱ्या डोक्यानं माणूस दारात आला की बातमीच घेऊन येतो.

"कोणी नाई आई. कोणी गेलं नाई. मामा बरे आहेत."
"मंग हे काय?"
"खाज येत होती."
"उवा झाल्या?"
"हो."

ती खाली बसली. ताटातलं वरण सांडलं होतं, ते पदरानं पुसायला लागली. मी म्हटलं मी पुसतो. तिनं हात बाजूला केला.

दादा आला तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. त्याचे केस भांग पाडण्याइतके आले आहेत. शेजारी शेजारी जेवायला बसलो. आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे. वाढताना म्हणाली, "बापाचे केस एकदाच काढतात."

उवांचं तिला पटलेलं नाही.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. आमच्या दारावरून नुसती पुढे गेली, त्यांना घरून सांगितलं असणार.

दादानं देवळीला सोडलं. गाडी थांबवून म्हणाला, "मतांसाठी केलं न?"
"हो."
"मले वाटलंच." किक मारली, परत बंद केली. "मी दुकानात बसतो, तर लोक अजून येऊन बाबाचं बोलतात. कोणाकोणाच्या घरची लाईन कधी लावून दिली ते. मी ऐकून घेतो. कधीकधी गिऱ्हाइकीलेही बरं पडते." मग म्हणाला, "पण मायले भेवाडलं तू."

ओरडला असता तर बरं झालं असतं.

२५ ऑगस्ट
प्र.ला सांगितलं. आई काय म्हणाली ते सगळं. तो कॅन्टीनच्या बाकावर ऐकत होता. चहा तसाच.

"म्हणजे दुसऱ्यांदा काढले की दुसरं कोणी गेलं असा अर्थ?"
"हो."
"आमच्यात नसते रे हे. मले काय माहीत. मी आपलं कटिंगसारखं..." थांबला. मग एकदम वर पाहिलं. "तुले तर माहीत होतं न?"
"होतं."
"मंग काऊन काढले बे?"

मी त्याचा गार चहा त्याच्याकडे सरकवला. त्यानं एक घोट घेतला. मग म्हणाला, "मायले मी फोन करू का? माझ्यावर घेतो." म्हटलं नको. "मंग आता वाढू दे. आणि कोणाले बोलू नको. झालं ते झालं."

संध्याकाळी स्वतःची टोपी आणून दिली. माझ्या डोक्याला मोठी होते.

२८ ऑगस्ट
अर्ज भरला. सूचक प्र. अध्यक्षपदाला आम्ही दोघंच, मी आणि मृणाल. टोपी घालूनच गेलो. अर्ज घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, फोटोत केस आहेत, ओळख पटवायला टोपी काढा. काढली. त्यांनी लगेच "घाला घाला" म्हटलं.

३ सप्टेंबर
महालक्ष्म्यांना गेलेले लोक परतले. पुन्हा खोल्या. टोपी असली तरी लोक उभे राहतातच, बातमी आधीच पोचलेली असते. आता टोपीचीच कणव येते त्यांना.

दुपारी चहाच्या टपरीवर मृणाल एकटीच भेटली. माझ्यासाठीही चहा सांगितला.

"सलूनवाला आमच्या वर्गातल्या एकाचा काका आहे," म्हणाली. "मला कळलं आहे."
मी टोपी खाली ओढली.
"मी विचारणार नाही. पण भाषणाच्या दिवशी आमच्याकडचं कोणी विचारलं तर त्याला थांबवणारही नाही. निवडणूक आहे. आधी सांगितलेलं बरं, म्हणून सांगते."
"बरं."
चहा आला. तिनं फुंकर मारली. "वडील कसे गेले?"

दोन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे वाईट झालं म्हणतात आणि गप्प बसतात. सांगितलं. सकाळी ड्यूटीवर निघाले होते. खुर्चीवर बसून जोडे घालत होते. एक पायात होता, दुसऱ्याची लेस सोडत होते. आईनं डबा आणून ठेवला तर मान खाली. तिला वाटलं लेसची गाठ पडली आहे. म्हणाली, "द्या मी सोडते."

मृणालनं चहा संपवला, दोघांचे पैसे दिले. जाताना, "येते."

मलाच नवल वाटलं, एवढं सांगता आलं.

५ सप्टें.
अंगात कणकण. प्रचाराला गेलो नाही. प्र. एकटा फिरला, परत आला तर आवाज बसलेला. म्हणतो थोडक्यात आहे, इकडे किंवा तिकडे. भाषणावर ठरेल. बसचं नीट तयार कर, शेवटी वडिलांचं एक वाक्य टाक. म्हटलं, वडिलांचं काही टाकणार नाही. तो म्हणाला बरं.

मृणाल काय म्हणाली ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

८ सप्टेंबर, सोम.
भाषणं झाली. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे.

आधी मृणाल. चांगली बोलली. मग मी. टोपी टेबलावर ठेवून उभा राहिलो. पहिलं वाक्य पाठ होतं, पुलगावची बस साडेपाचला सुटते. ते म्हटलं. तेवढ्यात विधी विभागाच्या रांगेतून एक जण उठला. प्रश्न शेवटी घ्यायचे होते, पण त्यानं विचारलाच.

"गजाननभाऊ, वडिलांना जाऊन दोन महिने झाले. तुमच्या दादाला मी पुलगावला पाहिलं, त्याला भांग आहे. तुमचेच केस तीन आठवड्यांचे कसे?"

काही जण हसले. काहींनी त्यालाच "बस बे, लाज वाटत नाही का" केलं. पुलगावची ती मुलगी तिसऱ्या रांगेत उभी राहून त्याच्याशी भांडायला लागली. "कोणाच्या बापाचं बोलून राह्यला तू?" म्हणत होती. माझ्यासाठी भांडत होती. प्र. खालून हातानं मला बसच्या कागदाकडे दाखवत होता.

गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. सभागृह माझ्या बाजूनंच होतं, ते दिसत होतं.

म्हटलं, "ताई, बसा. ते बरोबर बोलत आहेत. पहिल्यांदा काढले ते बाबांसाठी. दुसऱ्यांदा काढले ते मतांसाठी."

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. हात जोडले आणि खाली उतरलो. टोपी टेबलावरच राहिली.

बाहेर प्र. आला. मला वाटलं शिव्या देईल. व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या त्यानं. मग म्हणाला, "ते ठीक आहे. पण बसचं बोललाच नाही बे तू."

खरंच नाही बोललो. एका वाक्यानंतर राहूनच गेलं.

९ सप्टेंबर
लोक तीन प्रकारचे. काही तोंड फिरवतात. काही पाठीवर हात मारून "दम पाहिजे बे सांगायले" म्हणतात, त्याचाही त्रासच होतो. बाकीच्यांना काही फरक नाही, ते विचारतात बस कधी होईल.

पुलगावची मुलगी ग्रंथालयाच्या दारात भेटली. थांबली. "मी तुमच्यासाठी भांडले," म्हणाली.
"हो."
"आधी सांगायचं होतं न मंग."
गेली. माफी मागायची राहिली.

मेसमध्ये टपली पडली. जोरात.

१० सप्टेंबर
प्रचार बंद. मृणाल विभागात आली, प्रयोगशाळेच्या दारातून हाक मारली. बसचं काय काय झालं, डेपोत कोणाला भेटलास, सगळं विचारून घेतलं. "मी आले निवडून तर मी जाईन त्यांच्याकडे. तू सोबत ये." म्हटलं, आणि मी आलो तर? "तर ग्रंथालयासाठी मी तुझ्या डोक्यावर बसेन. आता केस येत आहेत, बसायला बरं पडेल."

हसू आलं. ब्युरेट हातातून सुटता सुटता राहिली.

संध्याकाळी आईला फोन करून उवा नव्हत्या हे सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. इतके बारीक होते केस, राहतील कुठं उवा?" मग म्हणाली, "परवा बाबाच्या नावानं जेवण करतो. दोन महिने झाले. येजो."
परवा मतमोजणी आहे. येतो म्हटलं.

११ सप्टेंबर, मतदान
सकाळपासून केंद्राबाहेर दोरीच्या अलीकडे हात जोडून उभं राहायचं. मृणाल डावीकडे, मी उजवीकडे. लोक दोघांनाही हो म्हणून आत जातात.

दुपारपर्यंत खांदे भरून आले. तरी वाईट वाटत नव्हतं. हात जोडले की समोरचा आपल्याकडे बघतो, आपण त्याच्याकडे. टक्कल असताना लोक डोक्याकडे बघायचे. बाबांना हे सांगितलं असतं. त्यांना पटलं नसतं बहुतेक.

स्वतःचं मत दिलं. शिक्का कोणावर मारला ते इथंही लिहीत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
मतमोजणी दहाला सुरू. आधी मृणाल पुढे. मग हॉस्टेलच्या पेट्या उघडल्या, मी पुढे. मग विधी विभाग, ती पुढे. चारच्या सुमारास दोघांत बोटावर मोजण्याइतका फरक, कोण पुढे त्यावरच दोन्हीकडच्या लोकांचं भांडण. काही मतपत्रिकांवर हरकत. निवडणूक अधिकारी म्हणाले, सगळी पुन्हा मोजू.

साडेपाचची बस डोळ्यांसमोर गेली. गेटवरून तिचा हॉर्न सभागृहात ऐकू येतो, आजपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

सहाला प्र.ला म्हटलं, मी निघतो.
"डोकं फिरलं का? अर्ध्या तासात निकाल आहे."
"घरी जेवण आहे."
"अध्यक्ष झाला तर हार कोणाच्या गळ्यात घालू?"
"तू घाल."
तो बघत राहिला. "जाय. फोन करतो. उचलजो."

काळीपिवळीनं देवळीला आलो. पुढे गाडी नाही. दादाला फोन केला होता. तो फाट्यावर उभा, पानठेल्याच्या बाजूला, तिथंच. अंधार पडला होता. मी उतरलो तेव्हा त्यानं बॅटरी एकदा लावली, विझवली. त्याला हे कोणी सांगितलं असेल? मी तर कधी बोललो नाही. बाबा त्यालाही घ्यायला येत असतील, आयटीआयला होता तेव्हा.

"झाला का अध्यक्ष?"
"पुन्हा मोजून राह्यले."
"बस."

नाचणगावला पोचलो तर लाईन गेलेली. सगळं गाव काळं. आमच्या ओट्यावर आई बसली होती, बाबांचा मोबाईल कानाला. आमची गाडी बंद झाली म्हणून ऐकू आलं.

"नाई जी. ते वारले. हो, जुलैत वारले. तुम्ही सबस्टेशनले करा." नंबर सांगितला. फोन पदराखाली ठेवला. मग माझ्या डोक्यावरून उलटा हात फिरवला, केस किती आले ते पाहायला. पान वाढायला आत गेली.

जेवणं अंधारातच झाली. आता दादाच्या बॅटरीच्या उजेडात हे लिहितो आहे. सेल उतरले आहेत, पिवळा उजेड. माझा फोन बाजूला वाजतो आहे. प्र.चा. मघाशीही वाजून थांबला होता.

आतून आई म्हणते, "घे न, कोणाचा आहे तं."

लाईन आली की घेतो.